जो हसला त्यानं उठायचं नाही

परवा माझ्या भाचीचा मुलगा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आज्जी, ह्यात तुमचं अण्णा हाईत." कुणीतरी रिकामटेकड्यानं जुने रेडिओचे कार्यक्रम शोधून इंटरनेटवर चढवलेत म्हणे. त्यानं बटण दाबलं आणि खोलीत माझ्या वडिलांचा आवाज आला. वडील जाऊन किती वर्षं झाली, पण आवाज तस्साच, तंबाखूनं थोडा घोगरा झालेला. आणि त्या आवाजामागे ते हसणं. सभागृहभर माणसं खदाखदा हसताहेत असं वाटावं असं, मागून चिकटवलेलं हसणं. पोरगंही हसायला लागलं. मी म्हटलं, "बंद कर." तो म्हणाला, "का? लई भारी हाय की." मी त्याला रागावले नाही. तिथंच बसवून घेतलं आणि उरलेलं सांगितलं. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी निवळलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत आम्ही सगळे, सुताच्या बाचक्यांशी जागा वाटून घेत. माग चालू असले की घरात कुणी बोलत नसे. बोलून उपयोगच नसायचा. आई भाकरी थापताना तोंडानं काही न म्हणता नुसती उलथन्यानं खुणावायची आणि आम्हाला कळायचं, मीठ दे की पाणी दे. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास कपड्यांना, केसांना, जेवणालाही लागलेला. लग्न होऊन मी दुसऱ्या घरी गेले तेव्हा पहिले काही दिवस मला अन्नाला चवच लागेना. नंतर कळलं, त्यात खळीचा वास नव्हता. अशा त्या खडखडाटात आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबायचे. आधी समोरच्यांचा, मग आमचे, मग कोपऱ्यावरचे. ती शांतता कानात दुखायची. कारण त्या वेळेला रेडिओवर 'खुर्ची, तबला, टवाळी' लागायचं.

नावातच कार्यक्रम आला. पहिला भाग राजकारणाचा, दुसरा संस्कृतीचा, तिसरा विनोदाचा. पलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, एका शहरातून तो यायचा. त्या शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एक प्राध्यापक खुर्चीवर बोलायचे, एक बाई गाण्या-नाटकांवर, आणि टवाळीला श्रीरंग सबनीस नावाचा गृहस्थ. आवाज जाड, गुळगुळीत, तूप लावल्यासारखा. आमची गल्ली त्याच्यावर जीव टाकायची. गल्लीतल्या सगळ्यांना कानडी यायचं, बाजार कानडीत, कचेरी कानडीत, पण रविवारचा तो तास मराठीत असायचा आणि तो पलीकडून, आपल्या माणसांकडून यायचा. अण्णा तर त्या वेळेला अंघोळ करून, टोपी घालून रेडिओपुढे बसायचे, कुणी पाहुणा यायचाय अशा थाटात. "सुमे, आवाज वाढीव गं," एवढंच बोलायचे. आई परातभर भडंग करायची, लसूण चुरचुरीत तळून घातलेला, आणि सोपा शेजाऱ्यांनी भरून जायचा. मला तो सबनीस तेव्हाही आवडत नव्हता. तो प्रत्येक वाक्यानंतर स्वतः आधी हसायचा. घरात हे बोलायची सोय नव्हती.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. अण्णांचा धाकटा भाऊ मारुती, माझा काका, माझ्या जन्माआधी गेला. सीमेच्या मोर्चात डोक्यात लाठी बसून गेला. त्याच्या दिवसाला दरवर्षी गल्ली आमच्या शेजारच्या गंगव्वाच्या कट्ट्यावर जमायची आणि अण्णा ती गोष्ट सांगायचे. गंगव्वा कानडी, तिचं घरही विणकराचंच, भिंतीला भिंत लागून. गोष्टीचे दोन भाग होते आणि पहिला भाग हसण्याचा होता. तो असा, की लाठ्या सुरू झाल्यावर मारुती पळत गल्लीत शिरला. गंगव्वाचं नुकतंच लग्न झालेलं, ती खड्ड्याच्या मागावर विणत बसलेली. जुन्या हातमागाला जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो आणि पायानं खालच्या फळ्या दाबतो. तिनं ह्या दांडग्याला धरून त्या खड्ड्यात कोंबलं, वर लुगड्याचा घोळ पसरला आणि विणायला लागली. पोलीस दारात. फळी दाबली की पाय मारुतीच्या डोक्यावर, आणि खालून "अगं आई!" ते ऐकू जाऊ नये म्हणून गंगव्वा मोठमोठ्यानं गायला लागली. तिचा आवाज म्हणजे काय सांगावं, फुटक्या हंड्यावर दगड. शेवटी पोलीसच म्हणाला, "बाई, तू गायचं थांबव, मी जातो." अण्णा पोलीस व्हायचे, गंगव्वा व्हायचे, खड्ड्यातला मारुती व्हायचे. लोक पोट धरून हसायचे. गंगव्वाही पदर तोंडाला लावून हसायची.

मग अण्णा हात वर करायचे. गल्ली गप्प. आणि तिथं रीत अशी होती की जो हसला त्यानं उठायचं नाही. पहिल्या भागाला हसलेल्या माणसानं दुसरा भाग ऐकल्याशिवाय कट्टा सोडायचा नाही, घरी दूध उतू जात असलं तरी. दुसरा भाग लहान होता. पोलीस परत येईल ह्या भीतीनं गंगव्वा बराच वेळ विणत राहिली. खालचं कण्हणं थांबलं, तिला वाटलं, शहाणा आहे, गप्प बसलाय. ती विणत राहिली. नंतर हाक मारली तर ओ नाही. एवढं सांगून अण्णा थांबायचे. शेवटचं वाक्य त्यांचं नव्हतं, गंगव्वाचं होतं. त्या दिवशी ती आमच्या दारात येऊन अण्णांना जे बोलली होती तेच ती दरवर्षी बोलायची, बसल्या जागेवरून, कुणाकडेही न बघता. "निन्न तम्म एळवल्ल." तुझा भाऊ उठत नाहीये. मग सगळे उठून गप्प आपापल्या घरी जायचे. त्या मागावर ती पुन्हा कधी बसली नाही. खड्डा तिनं मातीनं बुजवून टाकला, तिथली जमीन पावसाळ्यात थोडी खचायची. एवढी वर्षं दोघांनी मिळून ती गोष्ट धरून ठेवली होती. दोघांपैकी एकट्यानं ती कधीच सांगितली नव्हती.

सबनीस एक दिवस आमच्याच दारात आला तेव्हा गल्लीला काय करू नि काय नको झालं. सीमाभागावर खास कार्यक्रम करायचा होता म्हणे. बरोबर टेप घेतलेला माणूस. आईनं शेजारून चिनी मातीचे कप आणले. कुणीतरी अण्णांच्या गोष्टीचं बोललं आणि सबनीसानं खुर्ची पुढे ओढली. अण्णांनी गंगव्वाला बोलावून घेतलं. ती यायला तयार नव्हती. "माझं कानडी त्यांच्या रेडिओत कशाला?" असं ती तिच्या भाषेत म्हणाली. अण्णा म्हणाले, "गंगव्वा, शेवट तुझा हाय, त्यो मी कसा बोलू?" आली. अण्णांनी सगळं सांगितलं, हसवलं, हात वर केला, आणि ती तिचं वाक्य बोलली. टेपवाला पोरगा डोळे पुसत होता, हे मी स्वतः पाहिलंय. सबनीसानं अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही म्हणजे सोनं आहात." अण्णा दोन-तीन आठवडे त्या वाक्यावर जगले.

तो रविवार आला. माग थांबले. सोप्यात मुंगीला जागा नव्हती, माणसं खिडकीत, जिन्यावर. गंगव्वा नवं लुगडं नेसून आईशेजारी बसलेली. खुर्चीच्या भागात प्राध्यापक सीमाप्रश्नावर बोलले, झोप येईल असं, आणि आमच्यापैकी कुणाचा शब्दही आला नाही. अण्णा म्हणाले, "दम धरा. आपलं तबल्यात असंल, संस्कृती हाय न्हवं." तबल्यातही नाही. मग ती टवाळीची धून वाजली आणि सबनीस म्हणाला, "चला मंडळी, आता जरा बेळगावला जाऊ, हसायला." आणि अण्णांचा आवाज. खड्डा, फळी, "अगं आई!", प्रत्येक "अगं आई"नंतर ते चिकटवलेलं हसणं. गाणं. पोलीस गेला. आणि लगेच सबनीस, "तर मंडळी, अशा रीतीनं सीमाप्रश्न खड्ड्यात गेला!" हसणं, टाळ्या, धून, कार्यक्रम संपला.

सोप्यातली माणसंही हसली होती, सवयीनं. आणि सवयीनंच ती बसून राहिली. रेडिओवर बियाण्यांची माहिती सुरू झाली, कुठल्या पिकाला किती पाणी द्यायचं, आणि आमची अख्खी गल्ली दुसऱ्या भागाची वाट बघत भडंगाच्या परातीभोवती बसलेली. कुणी उठेना. हसले होते ना! कोपऱ्यावरचा तात्या तर "असंल, फुडं असंल," म्हणत होता. शेवटी गंगव्वा उठली. तिनं अण्णांकडे पाहिलं आणि तिच्या भाषेत म्हणाली, "तो मरत होता, बाळाप्पा. मी पाय दिला तेव्हा तो मरत होता. त्यावर तू लोकांना हसवलंस?" ती गेली. आमच्या घराच्या बाजूची तिची खिडकी त्या दिवशी जी लागली ती लागलीच.

त्यानंतरचे महिने आठवले की आजही मी दातओठ खाते. गंगव्वा आईबरोबर नळावर यायची, ती बंद झाली. आमच्या मागाच्या कांड्या सुतानं भरून द्यायची, त्या दुसऱ्यांच्या भरायला लागली. तिच्या घरची सणाची होळगी, म्हणजे त्यांची पुरणपोळीच, आमच्याकडे येईना आणि आमची पुरणपोळी तिच्या उंबऱ्यावरून परत. बाजारात अण्णांना कुणी ओळखीचा भेटला की "अगं आई!" म्हणून हसायचा. खानापूरच्या पाहुण्यांकडे लग्नाला गेलो तिथंही तेच, नवरदेव बाजूला आणि अण्णा पुढे. सीमाप्रश्नाच्या समितीच्या बैठकीत अण्णा बोलायला उभे राहिले की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच चार माणसं गालात हसायची. हे आमचेच लोक, दुसरे कुणी नव्हे. अण्णा ज्यांच्यासाठी लाठ्या खाल्ल्या म्हणायचे तेच. त्या वर्षी मारुतीकाकाच्या दिवसाला कट्ट्यावर कुणी जमलं नाही. गंगव्वाचं दार बंद होतं आणि तिच्याशिवाय अण्णांना सांगता येत नव्हतं.

मग सबनीसाचा निरोप आला. कार्यक्रमाचा वाढदिवस, मोठ्या सभागृहात, लोकांसमोर, अण्णांनी यायलाच हवं. आईनं तवा आपटला. "परत जाताय? तोंड पोळलं न्हाय अजून?" ती म्हणाली, "मसणात घाला त्यो रेडिओ." अण्णा शांत होते. म्हणाले, "अर्धं त्यांनी सांगिटलं. उरल्यालं मी सांगून येतो. लोकांच्या म्होरं सांगिटलं की त्यांना कापता येतंय व्हय?" जाण्याआधी ते गंगव्वाच्या बंद दारापुढे उभे राहिले आणि कानडीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी शेवट सांगायला चाललोय. सांगून झालं की दार उघड." मी त्यांच्याबरोबर गेले, कारण आईनं सांगितलं, "सुमे, तू जा, ह्यांना एकट्याला सोडू नको."

सभागृह भरलेलं होतं. चांगल्या घरची, चांगल्या कपड्यांतली, अत्तर लावून आलेली माणसं. मला त्यांच्यात एकही वाईट चेहरा दिसला नाही, हेच मला अजून सहन होत नाही. सबनीसानं ओळख करून दिली, "आपले लाडके, खड्डेवाले अण्णा!" नुसत्या नावाला हशा. अण्णांनी पहिला भाग सांगितलाच नाही. माइकपुढे उभे राहून त्यांनी थेट सुरुवात केली, "माझा भाऊ खड्ड्यात गप पडलता." हशा. "गंगव्वाला वाटलं, शाणा हाय, गप बसलाय." मोठा हशा. अण्णांनी हात वर केला, आमच्या कट्ट्यावर करायचे तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते ओरडले, "आवं, त्यो मेलता!" आणि सांगते, देवाशपथ सांगते, मागच्या रांगेतून कुणीतरी "अगं आई!" म्हणालं आणि सगळं सभागृह आडवं झालं.

अण्णा थांबले. त्यांना वाटलं असेल की आता मराठीत काहीही बोललं तरी हसतीलच. मान खाली घालून त्यांनी गंगव्वाचं वाक्य म्हटलं, तिच्याच लयीत, कुणाकडेही न बघता. "निन्न तम्म एळवल्ल." आणि सभागृह गप्प झालं. कुणाला काही कळलं नाही म्हणून गप्प झालं, पण झालं. त्या शांततेत मला अण्णांचा श्वास माइकमधून ऐकू येत होता. मला वाटलं, आता कुणीतरी विचारील, अण्णा, ह्याचा अर्थ काय. एकानं विचारलं असतं तरी पुरलं असतं. सबनीस पुढे आला, अण्णांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "काय अण्णा, पक्ष बदललात की काय?" छप्पर उडेल असा हशा झाला. त्याच हशात त्यानं अण्णांना शाल पांघरली.

मी मागे जाऊन त्याला गाठलं. म्हटलं, "तुम्ही अर्धंच ऐकवलंत." तो म्हणाला, "ताई, वेळ ठरलेला असतो हो. आणि दुसरा भाग जड होता. रविवारी सकाळी लोकांना जड चालत नाही. प्रेमानंच हसतात हो लोक. तुमच्याकडची भाषा काय गोड आहे!" मी म्हणाले, "तुझं तळपट होवो." शब्दशः हेच म्हणाले, कॉलेजात शिकणारी मुलगी होते तरी, आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. त्याला राग आला नाही. तो शेजारच्याला म्हणाला, "बघा, हीच ती अस्सल चव!"

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. निपाणीला बस थांबली, मी चहा आणला, तो त्यांच्या हातात थंड झाला. संकेश्वर गेलं, काकती गेलं. मी रडत होते, तेही त्यांना दिसलं नसावं. बेळगावात उतरून घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता आणि गल्लीतले माग चालू होते. आई दारात उभी होती. अण्णा तिच्याकडे न जाता गंगव्वाच्या दाराशी गेले आणि कडी वाजवली. मी मागोमाग गेले.

दार उघडलं. एवढ्या महिन्यांनी ती समोर उभी होती, केस आणखी पिकलेले. तिनं अण्णांच्या खांद्यावरची शाल पाहिली.

"सांगितलंस?" तिनं कानडीत विचारलं.

"सांगितलं."

"माझं वाक्य?"

"तुझंच. जसंच्या तसं."

"हसले?"

जन्मात खोटं न बोललेला माझा बाप तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नाही गंगव्वा. रडले. सगळे रडले."

तिचा हात दाराच्या कडीवरून खाली आला. तोंडावरचं काहीतरी सैल झालं, ती बाजूला सरकली, आम्हाला आत यायला वाट देत. आणि तेवढ्यात तिची नजर अण्णांच्या मागे, माझ्यावर गेली. मी तोंड पुसायचं विसरले होते, आणि बापाचं ते खोटं ऐकून माझी मान खाली गेली होती. तिनं मला नीट बघून घेतलं, चांगला वेळ घेऊन.

"मग हिला काय झालं?" ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.